रेजिना टीचरांचा गायनाचा तास

रेजिना टीचरांसमोर ‘मला गाता येत नाही’ असं म्हणायची चूक मी एकदाच केली. शाळेत रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. शिक्षकदिनाच्या गाण्यासाठी त्या स्टाफरूममधून माणसं गोळा करत फिरत होत्या आणि मी वह्यांच्या गठ्ठ्यामागे मान घालून बसले होते.

“शिंदेबाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत.”

“टीचर, मला गाता येत नाही हो.”

“कोण म्हणालं?”

मला वाटलं, ही नुसती बोलायची पद्धत. पण टीचर उत्तराची वाट बघत खरंच उभ्या राहिल्या. मग सांगावं लागलं, की आमच्या साताऱ्याकडच्या शाळेत चौथीला एक गुरुजी होते, त्यांनी मला ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं होतं.

“कुठे असतात ते गुरुजी?”

“आता नसतील हयात.”

“वाचले,” असं म्हणून टीचर पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी दुसऱ्या रांगेत उभी राहिले आणि गुरुजींची आज्ञा मोडायचा धीर न झाल्याने ओठच हलवले. कार्यक्रम संपल्यावर टीचर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ऐकू नाही आलात.” चाळीस माणसांच्या आवाजातून माझा एक आवाज नाही हे या बाईंना कसं कळलं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

टीचर वसईतल्या वटार गावच्या. अंगाने काटकुळ्या, उंचीला बेताच्या, मोठ्या काठाची सुती साडी आणि खांद्याला बाजाराला न्यावी तशी कापडी पिशवी. फाटकातून आत शिरल्या की आधी सोनचाफ्याचा वास यायचा आणि मागून त्या. भावाच्या वाडीतली फुलं पिशवीतून आणून ज्याच्या त्याच्या टेबलावर एकेक ठेवायच्या. शिपायाच्या स्टुलावरही ठेवायच्या आणि हेडमास्तरांच्या टेबलावरही, आणि दोन्हीकडे फूल एकच. हेडमास्तरांना कधी दोन मिळाली नाहीत.

आमची शाळा मराठी माध्यमाची. अर्धी मुलं वसईच्या पश्चिमेकडच्या गावांतली, वाड्यांतली, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी. अर्धी विरार, गोखिवऱ्याच्या बिल्डिंगांतून रिक्षा भरभरून येणारी, म्हणजे आमच्यासारख्या घाटावरून नाहीतर कोकणातून आलेल्यांची. एकाच्या घरची बोली दुसऱ्याला कळायची नाही. एकाच्या डब्यातला पदार्थ दुसरा वाकून बघायचा. ही सगळी मुलं एका खोलीत एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी तोंड उघडायची ती आठवड्यातून एकदा, गायनाच्या तासाला.

आणि तिथे निवड नव्हती. टीचरांच्या गायनवृंदात ज्याला यायचं तो यायचा. मुलगा कितीही बेसूर असो, टीचर त्याला दोन पक्क्या आवाजांच्या मधे उभा करायच्या. “मुरू दे,” म्हणायच्या. लोणच्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या, पण चार महिन्यांत तो मुलगा खरोखर मुरलेला असायचा. एकदा शिक्षणखात्याचे कुणी मोठे साहेब येणार होते. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी टीचरांना बोलावून बजावलं, “स्वागतगीताला निवडक मुलं घ्या. सगळी जत्रा नको.” टीचरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर अख्खा सातवीचा वर्ग, फळ्याजवळच्यापासून शेवटच्या बाकावरच्यापर्यंत, ओळीने उभा.

“टीचर, मी निवडक म्हटलं होतं,” हेडमास्तर दातांत पुटपुटले.

“हो सर. निवडलीत. सगळीच निवडली गेली.”

साहेब खूश होऊन गेले म्हणून हेडमास्तरांना पुढे काही बोलता आलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते आणि दरवर्षीचं वेळापत्रकही मीच करते. त्यामुळे टीचरांशी माझा संबंध आला तो भांडणाच्या बाजूने. आमच्याकडे एक जुनी चाल होती. पोर्शन मागे पडला, परीक्षा जवळ आली, की गायनाचा तास उचलायचा. बिचारा गायनाचा तास, त्याला कुणी वाली नसे. मीही एकदा आठवीचा उचलला आणि समीकरणं काढून बसले. दहा मिनिटांनी टीचर आल्या. मला वाटलं, आता भांडतील. त्या काही न बोलता शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी जाऊन बसल्या, मांडीवर हात ठेवून, फळ्याकडे बघत. मुलांच्या माना मागे वळल्या. मी समीकरण सोडवते आहे, आणि वर्गात एकही डोळा माझ्याकडे नाही. टीचर मात्र अगदी मन लावून बघत होत्या. शेवटी मीच खडू ठेवला. “घ्या बाई तुमचा तास,” म्हटलं. त्या उठता उठता म्हणाल्या, “तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह राहिलंय.” पुन्हा त्यांच्या तासाला मी हात लावला नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही.

त्यांच्या कानांबद्दल किती सांगू? स्टाफरूममधला पंखा कुठल्या पट्टीत गुणगुणतो हे त्या सांगायच्या आणि कधी त्या पट्टीतच गाणं सुरू करायच्या, म्हणजे पंख्याची तानपुऱ्यासारखी साथ. जिन्यावरच्या पावलांवरून वर कोण येतंय ते ओळखायच्या. हे एक वेळ कुणालाही जमेल. पण वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी ‘हजर’ म्हणाली की टीचर पेन थांबवायच्या आणि विचारायच्या, “न्याहारी केली नाहीस ना?” मुलगी गडबडून नाही म्हणायची. मग पिशवीतून केळं नाहीतर पावाचा तुकडा निघायचा आणि हजेरी पुढे सुरू व्हायची. मीही ती हजेरी रोज घेते. मला फक्त हजर आणि गैरहजर ऐकू येतं.

एकदा नाताळच्या आधी त्यांनी मला वटारला घरी बोलावलं. अंगणात चुलीवर भलंमोठं पातेलं, त्यात दोदोल. तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध एवढंच सामान, पण तासन् तास ढवळत राहावं लागतं. हात थांबला की बुडाशी लागलंच. टीचरांचा नियम होता, की जो ढवळेल त्याने गायचं. “गाणारा हात थांबत नाही,” म्हणायच्या. त्यांचा धाकटा भाऊ इनास ढवळत होता आणि रागारागाने गात होता. टीचर माझ्याशी वेळापत्रकाबद्दल बोलत पाठमोऱ्या बसल्या होत्या. बोलता बोलता मधेच थांबल्या, मान किंचित कलती केली आणि म्हणाल्या, “उतरव.” इनासने पातेलं उतरवलं. मी जाऊन पाहिलं, तर दोदोल कडेने सुटून, नारळाचं तेल सोडून चकाकत होता. मी विचारलं, न बघता कसं कळलं? “डावाचा आवाज बदलला ना,” त्या म्हणाल्या, आणि मला तो आवाज आला नाही याचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

हे सगळं सांगितलं ते त्या शेवटच्या वर्षाचं सांगता यावं म्हणून.

त्या वर्षी शाळेचा पट आणखी उतरला होता. इंग्रजी माध्यमाच्या बसेस आमच्या फाटकासमोरून मुलं भरून घेऊन जायच्या. व्यवस्थापनाचे सचिव हे काही वाईट गृहस्थ नव्हते, पण शाळा चालवायची तर हिशेब बघावा लागतो असं त्यांचं म्हणणं. जानेवारीत त्यांनी टीचरांना आणि वेळापत्रकवाली म्हणून मला बोलावलं. म्हणाले, “जूनपासून गायनाच्या जागी कॉम्प्युटर ठेवू. पालकांना तेच हवंय.”

“पालकांना विचारलंत?” टीचर म्हणाल्या.

“विचारायचं काय त्यात? गायन हवं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.”

“मग त्यांनाच सांगू द्या. मी कार्यक्रम करते. मुलं गातील, आयांनी केलेलं गोडधोड ठेवू, तिकीट लावू. त्यातून आपली पायपेटी दुरुस्त होईल. तुम्ही स्वतः येऊन बसा. लोक शेवटपर्यंत बसले तर तास राहील. उठून गेले तर काढा.”

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची जुनी पेटी. तिचा भाता फाटला होता आणि ती गाण्यापेक्षा धापाच जास्त टाकायची. सचिव क्षणभर हसले. एवढ्यावर ही कटकट मिटते आहे असं त्यांना वाटलं असणार. परीक्षांमुळे हॉल आणि मैदान मोकळं मिळेल असा मार्चमधला एकच शनिवार त्यांनी दिला. टीचरांनी तो घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखाने मान्य केला.

आता इथे जे झालं ते आमच्या वसईतच होऊ शकतं.

तो शनिवार ख्रिस्ती लोकांच्या उपासकाळात येत होता. ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत घरोघरी कुणी मासमच्छी सोडतं, कुणी दारू सोडतं, आणि गावांतल्या बऱ्याच घरांत मोठी माणसं गोड सोडतात. टीचर तर लहानपणापासून सोडत आलेल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण त्यांचा हिशेब असा, की करणाऱ्या आमच्या बायका, खाणारे विरारचे लोक. मग अडचण कुठे आहे? तिकडे विरारचे पालक, आणि आमचे निम्मे शिक्षकही, कालनिर्णय बघून बसले होते. त्यांना ठाऊक होतं की त्या दिवशी संकष्टी आहे, चंद्रोदयापर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पण त्यांचा हिशेब असा, की कार्यक्रम टीचरांचा, खाणारे त्यांच्या गावचे लोक. आपण गाणं ऐकून घरी यावं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या भरवशावर ताटं मांडली होती, आणि शिष्टाचार म्हणून कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

हे फुटलं ते माझ्या सासूबाईंमुळे. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, “त्या दिवशी चतुर्थी आहे. पण तुमच्या ख्रिस्ती बाया खातील म्हणा.” मी दुसऱ्या दिवशी सहज हे टीचरांना सांगितलं. टीचरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. इनास त्यांना न्यायला आला होता. त्याने आळीपाळीने दोघींकडे बघितलं.

“म्हंजे आपला उपासकाळ, आनि त्यांची चतुर्थी. मग हे खानार कोन?”

उरले शाळेशेजारचे जैन दुकानदार, तर अर्ध्या पदार्थांत अंडी. मला हसू आवरेना आणि रडूही येईना. तिकिटं खपली होती, दुसरा दिवस मिळणार नव्हता, आणि उपाशी माणूस सात वाजता आलेला साडेनऊपर्यंत गाणी ऐकत बसेल ही आशा करण्यात अर्थ नव्हता. गोड मिळणार नाही म्हटल्यावर लोक आठालाच उठतील आणि सचिव पहिल्या रांगेत बसून ते बघतील. मी म्हटलं, “टीचर, गोडाचं रद्द करू या. चहा आणि वेफर्स ठेवू.”

“गोड रद्द नाही,” टीचर म्हणाल्या. “बायांनी नारळ फोडलेत.” मग म्हणाल्या, “शिंदेबाई, तुमच्या सासूबाई चतुर्थी कशाने सोडतात?”

“मोदकाने. उकडीच्या.”

“त्यात काय असतं?”

मी सांगायला लागले, “तांदळाची पिठी, गूळ, ओला नारळ...” आणि माझी मीच थांबले. इनास हळूच हसला.

त्याच संध्याकाळी टीचर विरारला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. सासूबाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि काही आडपडदा न ठेवता म्हणाल्या, “आई, आम्ही दोदोल करतो तो तुमच्या मोदकाच्याच सामानाचा असतो. अंडं नाही, दुसरं काही नाही. चंद्रोदयानंतर तुम्हाला चालेल का?”

सासूबाई माणूस म्हणून मायाळू, पण सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या. त्यांनी विचारलं, “भांडं कसलं?”

“भांडं तुमचं द्या. नारळ आमचा.”

सासूबाईंनी मला माळ्यावर चढवलं. लग्नकार्यालाच निघणारं त्यांचं पितळी पातेलं, कल्हई केलेलं, दुसऱ्या दिवशी इनासच्या टेम्पोतून वटारला गेलं. बिल्डिंगीतल्या बायकांना ते कळलं तेव्हा आणखी दोन पातेली गेली. तिकडे ज्या बाया पुडिंग करणार होत्या त्यांना टीचरांनी घरोघर जाऊन नारळाच्या वड्या, करंजीसारख्या नेवऱ्या आणि सुकेळी ठेवायला लावली. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात सुकवलेली राजेळी केळी, गोडाला गोड आणि उपासाला चालणारी. आणि गावातल्या लोकांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “आपण सोडलेलं गोड कुणाच्या तरी तोंडात पडायला पाहिजे ना? यंदा तोंडं आपल्या दारात येतायत. ताट तुम्ही घ्या, हातात त्यांच्या द्या.” दोदोल ढवळायला त्यांनी गायनवृंदाच्या मुलांना नेलं. तीच त्यांची तालीम. तीन पातेल्यांभोवती मुलं पाळीपाळीने ढवळत होती आणि गात होती, आणि मी बाजूला उभी राहून बघत होते, की बेसूर म्हणून कुणी मधे ठेवलेला मुलगा कुठला आणि पक्का कुठला, हे मला आता सांगता येत नाही.

शनिवारी सातला मैदान भरलं. एका बाजूला वाड्यांतली माणसं, दुसऱ्या बाजूला बिल्डिंगांतली, मधे वाट. पहिल्या रांगेत सचिव. सासूबाई ताम्हन, पळी, फुलं घेऊन तयारीने आल्या होत्या. मुलं गायली. नाताळची गाणी झाली, भोंडल्याची झाली, टीचरांच्या गावातली लग्नातली झाली. टीचर लोकांकडे पाठ करून उभ्या होत्या. दोन्ही हातांनी मुलांना वर उचलत होत्या, खाली ठेवत होत्या. मी फार गाणं ऐकलेली बाई नाही, पण त्या दिवशी त्या मुलांच्या आवाजाने अंगावर काटा आला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

टीचरांनी कार्यक्रम बरोबर चंद्रोदयापर्यंत पुरेल असा ताणला होता. पण कालनिर्णयातला चंद्रोदय वेगळा आणि आमच्याकडचा वेगळा. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, आणि डोंगरांच्या अलीकडे आता उंच बिल्डिंगा. गाणी संपली तरी चंद्राचा पत्ता नाही. मुलांचे आवाज बसलेले. लोकांच्या पोटात कावळे ओरडतायत, लहान मुलं आयांचे पदर ओढतायत. मागच्या रांगेतली दोन कुटुंबं उठली. त्यांना बघून आणखी एक उठलं. सचिवांनी मागे वळून बघितलं आणि मग घड्याळाकडे बघितलं. मला पुढचं सगळं दिसायला लागलं: माणसं उठतील, तास जाईल, आणि जूनच्या वेळापत्रकात त्या चौकटीत दुसरंच काही मला स्वतःच्या हाताने भरावं लागेल.

टीचर त्या संध्याकाळी पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून वळल्या. माईक घेतला नाही. “मुलं दमली,” म्हणाल्या. “आता तुमची पाळी.”

लोक हसले. टीचर हसल्या नाहीत. इनास पायपेटीवर बसला होता, त्याला म्हणाल्या, “सा दे.” फाटक्या भात्यातून एक लांब, थोडा कापरा सूर निघाला. “एवढाच. दुसरं काही नको. ज्यांना येतं त्यांनी कडेला उभं राहा, ज्यांना येत नाही त्यांनी मधे या.” आणि खाली उतरून त्यांनी खरोखर माणसांना हाताला धरून हलवायला सुरुवात केली. मधली वाट राहिली नाही. वटारची एक आजी आणि आमच्या बिल्डिंगीतले रिटायर्ड पोस्टमास्तर शेजारी उभे. सचिवांना त्यांनी दंडाला धरलं. “टीचर, मला...” सचिव म्हणायला लागले.

“कोण म्हणालं?” टीचर म्हणाल्या, आणि त्यांना मधे ढकललं.

पहिल्यांदा जो आवाज निघाला तो काही विचारू नका. बाजार उठल्यासारखा. टीचरांनी हात वर केला, थांबवलं, पुन्हा पेटीचा सूर ऐकवला. दुसऱ्यांदा थोडा कमी गोंगाट. तिसऱ्यांदा मुलं कडेला येऊन आपापल्या आईबापांशेजारी उभी राहिली. आणि मग, कधी ते मला सांगता येणार नाही, तो सगळा गोंगाट एका जागी आला. शेकडो माणसं एकच सूर धरून उभी होती. फाटकाशी गेलेली कुटुंबं परत फिरली होती. टीचर हळूहळू हात हलवत होत्या. सा वरून रे, रे वरून ग, आणि माणसं त्यांच्यामागून पायऱ्या चढावीत तशी चढत होती. सचिवांचा आवाज खर्जातला निघाला, छान, दाणेदार. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं असावं, कारण डोळे मिटून गात होते. मीही गायले. मोठ्याने गायले. मला त्या वेळी टीचरांबद्दल जे वाटलं ते देवाबद्दल वाटतं त्याच्या फार अलीकडचं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मधेच सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

“अहो, चंद्र केव्हाचा वर आलाय! आता मला काही खायला देणार आहात का?”

सगळ्यांनी वर बघितलं. दोन बिल्डिंगांच्या फटीतून चांगला हातभर वर आलेला होता. उपाशी माणसांना चंद्रोदय झालेला कळला नव्हता. एकच हशा उठला. सासूबाईंनी अर्घ्य दिलं, बायकांनी हात जोडले, आणि वाड्यांतली माणसं हातात दोदोलच्या पुड्या घेऊन बिल्डिंगांतल्या माणसांकडे आली. सासूबाईंच्या हातात पुडी दिली ती त्या वटारच्या आजीने. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला. “वेलदोडा हवा होता,” म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

सचिव रिकामी पुडी हातात घेऊन टीचरांकडे आले. मी शेजारीच होते. गृहस्थ मोकळ्या मनाचे, चूक कबूल करायला लाजले नाहीत. “टीचर, तास राहिला. एक कशाला, जूनपासून आठवड्याला दोन घ्या.”

“दोन नकोत,” टीचर म्हणाल्या. “एकच द्या. पण कुणाला उचलता येणार नाही असा द्या.”

“दिला. तुम्ही आहात तोवर कोणाची छाती आहे?”

“मी नाही हो. मी मेमध्ये रिटायर होतेय.”

टीचरांच्या वयाचा हिशेब आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. सचिवांनी, मी आणि बहुतेक सगळ्या शाळेने मनात धरलं होतं की ही बाई आपली जागा टिकवायला धडपडतेय. त्यात वाईट काही नव्हतं, कुणीही केलं असतं. पण आपण ज्या तासाला असणार नाही, त्या तासासाठी या बाई तीन महिने नारळ फोडत, तिसरे मजले चढत फिरल्या होत्या. “मग गायनाला कोण?” सचिवांनी विचारलं.

“ते तुम्ही शोधा. तास असला की माणूस सापडतं. तास नसला तर कोण कशाला येईल?” असं म्हणून त्या पातेली गोळा करायला गेल्या. आज माझ्या वेळापत्रकात शनिवारचा तो तास आहे आणि त्या चौकटीत एका तरुण सरांचं नाव आहे. पोरगा चांगला आहे.

टीचर पुढे नालासोपाऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या आणि आमची गाठ पडायची राहिली ती राहिलीच. त्यामुळे मला त्या दिसतात त्या त्याच रात्रीच्या. माणसं पांगली होती. इनासने टेम्पो काढला. पुढे जागा नव्हती म्हणून टीचर मागे, घासून परत द्यायच्या तीन पातेल्यांच्या मधे, त्यांतलंच एक पालथं घालून त्यावर बसल्या. केसांतलं फूल कधीच गळून पडलेलं, साडीवर गुळाचे डाग. मी फाटकाशी उभी होते. तेवढ्यात विरारकडे जाणारी मुलांची रिक्षा टेम्पोला मागे टाकून पुढे आली. आत सहासात पोरं कोंबलेली, पेंगुळलेली, अजून गात होती. दमलेल्या आवाजांनी गाणं हळूहळू खाली उतरत चाललं होतं. टीचर जाणार हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला आणि सचिवांना. टीचर टेम्पोत उठून उभ्या राहिल्या, एका हाताने फळी धरली, दुसरा हात डोक्याच्याही वर नेला आणि ओरडल्या,

“वर! वर घ्या!”

रिक्षातून कुणाचं डोकं बाहेर आलं नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. पण मुलांनी सूर वर घेतला.